विश्लेषण : पोटातील जिवाणू तिशीच्या आत शोधला, तर जठराचा कर्करोग टळेल?

जगात तरुणांच्या तपासणीचे प्रयोग सुरू झाले आहेत. सातारा, सांगलीसारख्या जिल्ह्यांत ते शक्य आहे का, आणि आज कोणी तपासून घ्यावे?

पित्त, करपट ढेकर, पोट फुगणे अशा तक्रारी कऱ्हाड, इस्लामपूर, विट्यापासून जतपर्यंत घरोघरी ऐकू येतात. बहुतेक वेळा उपाय मेडिकलमधूनच होतो : पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी. त्रास तात्पुरता थांबतो. पण काहींच्या जठरात एक जिवाणू लहानपणापासून मुक्काम करून असतो आणि तो या गोळीने जात नाही. हा जिवाणू तरुण वयातच शोधून नष्ट करावा, असा विचार आता जगभर जोर धरत आहे.

हा जिवाणू कोणता?

नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजेच एच. पायलोरी. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो वेगळा काढून वाढवला. जठरातील आम्लात जिवाणू तग धरू शकत नाही, असा तेव्हा समज होता. मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन त्याने जठराला सूज येते हे दाखवले. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला पहिल्या गटातील, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक घटकांमध्ये टाकले होते.

तो बहुधा बालपणीच, घरातल्या घरात पसरतो. गर्दीची घरे, अस्वच्छ पाणी, शौचालयांचा अभाव असेल तिथे संसर्ग जास्त. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना अल्सर होतो. बाधितांपैकी साधारण एक ते तीन टक्के लोकांना पुढे जठराचा कर्करोग होतो.

तरुण वयच का?

कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी जठराला जुनाट सूज येते, मग आतले अस्तर विरळ होते, त्यानंतर पेशींचे स्वरूप बदलू लागते आणि शेवटी कर्करोग. या प्रवासाला काही दशके लागतात. अस्तर शाबूत असताना जिवाणू काढला तर साखळी तिथेच तुटते. पन्नाशीनंतर काढला तर फायदा होतो, पण झालेले सगळे नुकसान भरून येत नाही. चीनच्या शानडोंग प्रांतातील लिनचू येथे १ लाख ८० हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही कमी वयाच्या गटात फायदा अधिक दिसला. दुसरे कारण असे की, हे वय साधारणपणे मुले होण्याचे असते. आईबाप जिवाणूमुक्त असतील तर मुलांपर्यंत संसर्ग पोहोचण्याची शक्यता घटते.

जगात काय सुरू आहे?

जपानच्या सागा प्रांतात २०१६ पासून शाळकरी मुलांची, तिथल्या माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षात, तपासणी होते. युरोपात ‘टोगास’ प्रकल्पात ३० ते ३४ वयोगटातील तरुणांची तपासणी करून पाहिली गेली. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सामूहिक तपासणी आणि उपचार झाले. तिथे संसर्ग ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला आणि जठराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. आपल्या शेजारच्या भूताननेही देशव्यापी मोहीम राबवली.

सगळीकडे चित्र इतके स्वच्छ नाही. तैवानमध्येच मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तपासणीला बोलावलेल्या गटात कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. बोलावलेल्यांपैकी अनेक जण आलेच नाहीत, हे त्यामागचे एक कारण.

भारताचे कोडे काय?

२०१७ मधील एका जागतिक आढाव्यानुसार भारतात ६० टक्क्यांहून अधिक लोकांना हा संसर्ग असावा. त्या मानाने जठराचा कर्करोग कमी आहे. मिझोराममध्ये त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक, तर महाराष्ट्रात बरेच कमी. जिवाणूचा प्रकार, आहार, मीठ, तंबाखू, अनुवंश अशी कारणे सांगितली जातात, पण कोडे पूर्ण सुटलेले नाही.

मग काळजी कशाला? कारण दर कमी असला तरी लोकसंख्या प्रचंड आहे. देशात वर्षाला ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडतात आणि बहुतेक जण उशिरा डॉक्टरांकडे पोहोचतात. जुलै २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २००८ ते २०१७ दरम्यान जन्मलेल्या जगभरातील मुलांपैकी १ कोटी ५६ लाख जणांना आयुष्यात कधी तरी हा कर्करोग होऊ शकतो. त्यातील ७६ टक्के प्रकरणांचे मूळ एच. पायलोरी असेल. चीन आणि भारत मिळून हा आकडा सुमारे ६५ लाख आहे. या पिढीतील थोरली मुले आता बारावीच्या वयाची झाली आहेत.

सातारा, सांगलीत हे कितपत शक्य?

सरकारच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीवरील लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. जठराचा त्यात समावेश नाही. आशा सेविका आणि आरोग्य उपकेंद्रांचे जाळे आहे. मिरजेला वैद्यकीय नगरीची जुनी परंपरा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, साताऱ्यातही आहे, कऱ्हाडला कृष्णा वैद्यकीय संस्था आहे. अडचण वेगळीच आहे, आणि ती साध्या हिशेबातून कळते.

२०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांहून अधिक होती. त्यातील फक्त एक लाख तरुण तपासले आणि देशाच्या सरासरीइतका संसर्ग आढळला, तर ६० हजार जणांना उपचार द्यावे लागतील. उपचार म्हणजे साधारण १४ दिवस, रोज तीन-चार प्रकारची औषधे, त्यात किमान दोन प्रतिजैविके. भारतात मेट्रोनिडाझोलला हा जिवाणू मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रभावही घटतो आहे. मळमळ झाली म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडणारे अनेक असतील, तर जिवाणू अधिक चिवट होण्याचा धोका. जत, आटपाडी, माण, खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत पाणी आणि स्वच्छतेचा प्रश्न तसाच राहिला, तर पुढची पिढी पुन्हा बाधित होणार.

त्यामुळे सरसकट मोहिमेआधी काही गावांत छोटा प्रयोग करणे शहाणपणाचे. संसर्ग किती, कोणती प्रतिजैविके लागू पडतात, किती जण औषधे पूर्ण करतात, हे त्यातून कळेल. कर्करोगाच्या नोंदी ग्रामीण भागात ठेवता येतात, हे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने १९८७ पासून दाखवून दिले आहे.

तपासणी कशी होते?

दोन सोप्या पद्धती आहेत : शौचाच्या नमुन्यातील अँटिजेन चाचणी आणि श्वासचाचणी. दोन्हींत दुर्बीण घालावी लागत नाही. रक्तातील अँटिबॉडी चाचणीवरून संसर्ग आताचा की जुना, हे कळत नाही.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पित्ताच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या तपासणीपूर्वी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. गोळ्या थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करायची असते.

आज कोणी तपासून घ्यावे?

● आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना जठराचा कर्करोग झाला असेल, त्यांनी सर्वात आधी.
● अल्सर असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांनी.
● कारण न सापडणारी लोहाची कमतरता असलेल्यांनी.
● महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्यांवर असलेल्यांनी.

वजन घटणे, काळी शौच, वारंवार उलट्या, गिळताना अडकणे किंवा दोन घासांत पोट भरणे अशी लक्षणे असतील, तर साध्या चाचणीवर न थांबता एंडोस्कोपीबाबत डॉक्टरांना भेटावे.

हळद, ज्येष्ठमध किंवा ताक यांनी बरे वाटत असेल, पण ते प्रतिजैविकांची जागा घेत नाहीत. आणि अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. शंभर बाधितांपैकी ९७ ते ९९ जणांना हा कर्करोग होत नाही. उरलेले कोण, हे आधी ओळखता येत नाही, म्हणूनच तपासणीचा हा सारा खटाटोप.