जन्माचा भाव

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांतली वर्णव्यवस्था ठाऊक आहे का तुम्हाला? मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. पण मजुरीचा भाव कसा ठरतो हे मला कुठल्या प्राध्यापकानं शिकवायची गरज नाही.

संगणकावरून चिनी पोरांना इंग्रजी शिकवायचा धंदा २०१० नंतर जोरात आला. व्हीआयपीकिड ही बीजिंगची कंपनी, २०१३ सालची. तिला मास्तर हवे होते ते फक्त अमेरिका-कॅनडातले. तासाला १४ ते २२ डॉलर. फिफ्टीवन टॉकही बीजिंगचीच, २०११ सालची. तिनं मास्तर घेतले मुख्यतः फिलिपिन्समधले. त्यांच्या हातात तासाचे जेमतेम तीन-चार डॉलर. तोच २५ मिनिटांचा पाठ. तसंच जांभया देणारं पोर. फरक कशाचा? कागदाचा. पासपोर्ट कुठला ते आधी, व्याकरण नंतर. बाजारात याला 'नेटिव्ह स्पीकर' म्हणतात. आपल्या गावात याला दुसरं नाव आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

आता गंमत बघा. ऑगस्ट १९०१. थॉमस नावाचं अमेरिकी लष्कराचं जहाज मनिलाला आलं. पोटात माल काय? पाचशेच्या वर मास्तर! नुकताच जिंकलेला देश, त्याच्या घशात इंग्रजी ओतायची. पगार तिथल्या मास्तरांपेक्षा कितीतरी जास्त. मग पिढ्यान् पिढ्या ती भाषा शाळेत, कोर्टात, हापिसात चालली. आणि त्या शाळेत शिकलेल्या पोरीला आज सांगतात, बाई, तुझं इंग्रजी अस्सल नाही. लादताना सक्तीची, विकताना हलकी!

कुणी शहाणा म्हणेल, मनिलात डाळभात स्वस्त. आणि तिच्या तासाची फी आईबापांकडूनही कमीच घेतात, मग पगार कमीच असणार. हा युक्तिवाद मी ऐकलाय, चांगल्या मराठीत ऐकलाय. 'तुम्हाला लागतं काय रे, झोपडीतच तर राहता.' साल्यांनो, मजुरी कामाची देता की भुकेची? आणि फी कमी का? गोरा चेहरा जाहिरातीत चढ्या भावानं विकला म्हणून सावळा उतरत्या भावानं काढावा लागला. आधी उतरंड रचायची, मग म्हणायचं बाजारच असा आहे. रॉबर्ट फिलिपसन या इंग्रज भाषातज्ज्ञानं १९९२ सालीच लिहून ठेवलंय की जन्मानं भाषा मिळालेला तोच उत्तम शिक्षक, ही समजूत खोटी आहे. पुस्तकानं बाजार सुधारत नसतो, ते सोडा.

पण अमेरिकेतल्या मास्तरणीला वैरी समजू नका. तीही कंत्राटीच. बीजिंगची संध्याकाळ म्हणजे तिची पहाट. तीन-चारला उठायचं, दिवा लावायचा, हसायचं. संगणक तिचा, वीज तिची, तयारीचा वेळ फुकट. आजारपणाची भरपगारी रजा नाही. तास संपला की आईबाप सफरचंदं द्यायचे, पाचापैकी किती ते. सफरचंदं घटली की काम घटलं.

गोदीत टोळीवाल्याच्या मर्जीवर माणसं उचलली जायची. मग १९४८ चा गोदी कामगार कायदा आला. त्याखाली नोंदणी झाली, हजेरी लावून काम नाही मिळालं तरी थोडे पैसे हातात पडू लागले. ते कुणी दान दिलं नव्हतं. माणसं रोज एकाच फाटकावर एकमेकांची तोंडं बघत उभी होती. आज कंत्राटदारानं त्यातलं पुष्कळ खाऊन टाकलंय, पुरावा म्हणून मी उभा आहे. पण या मास्तरांना फाटकच नाही. मनिलाची बाई अमेरिकेतल्या बाईला दिसत नाही. दोघींना फक्त पोर दिसतं.

जुलै २०२१ मध्ये चीन सरकारनं शिकवण्यांवर बडगा उचलला. परदेशात बसून चिनी पोरांना शिकवणं बंद. चौदावाली आणि तीनवाली, दोघी एकाच फटक्यात रस्त्यावर. इथं मात्र समानता! फिफ्टीवन टॉक बाहेरच्या देशांत गिऱ्हाईक शोधायला निघाली.

आपली पोरंही स्पोकन इंग्लिशच्या क्लासात पैसे ओततायत. शिका. सावित्रीबाईंनी सांगितलंय, शिकाच. पण उद्या कानाला यंत्र लावून शिकवायला बसाल तेव्हा पहिल्या दिवशी मागा: २५ मिनिटांना एकच भाव, पासपोर्ट कुठलाही असो. तयारीचे पैसे वेगळे. गिऱ्हाईक आलं नाही तरी हजेरीचे पैसे. हे लिहून द्या, मग मोजा तुमची सफरचंदं.