पाचट पेटवून उपकारस्तुतीला जायचं?



ऊसतोड सुरू झाली की आपल्या नगर भागात संध्याकाळी चारी बाजूंनी धूर दिसतो. टोळी रानातून निघाली की पाचटाला काडी लावायची, अशी सवयच पडलीय. मी ख्रिस्ती आहे, म्हणून आज आधी आमच्याच लोकांशी बोलतो.

बायबलात लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात नियम आहे: सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. हा विसावा माणसाचा नाही, जमिनीचा आहे. उत्पत्तीच्या 2ऱ्या अध्यायातही माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला. आपण मशागत धरली, राखण सोडली.

कोणी म्हणेल, सोसायटीचं कर्ज असताना रान पड कोण टाकणार? खरंय. दोन एकरवाल्याला मीही ते सांगणार नाही. पण जमिनीतून जे काढलं त्यातलं थोडं तिला परत देणं तर आपल्या हातात आहे ना? पाचट म्हणजे तेच.

हिशेब बघा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात 40 ते 50 किलो नत्र, 75 ते 100 किलो पालाश आणि 3 ते 4 टन सेंद्रिय कर्ब असतो. पेटवलं की कर्ब आणि नत्र धुरात जातं, वरच्या थरातले जिवाणू भाजतात. मग आपण दुकानातून पोती आणतो.

करायचं सोपं आहे. पाचट सरीत दाबा, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटा. हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं कल्चर त्यावर टाकून पाणी द्या. पहिलं पाणी पुढे सरकायला वेळ लागतो, मजुरीही लागते, हे लपवत नाही. पण पुढे ओल टिकते, तणही कमी येतं.

फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडहून आले आणि आपल्या जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाला त्यांनी आयुष्य दिलं. त्या गावांनी श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. माती अडवताना कोणाचा धर्म आडवा आला नाही. श्रद्धा अशी बांधावर दिसली पाहिजे.

रविवारी उपकारस्तुतीला वेदीजवळ ऊस उभा करायचा आणि सोमवारी त्याच रानाला काडी लावायची, हे मला पटत नाही. पाळकांनी, फादरांनी हे उपदेशात सांगावं. कृषी सहायकांनी बांधावर येऊन करून दाखवावं.

ज्यांनी खोडव्यात पाचट ठेवलंय त्यांनी पाणी कसं देता ते खाली लिहा. भारी जमिनीवाल्यांनी तर नक्की लिहा, अडचण तिथेच जास्त येते.