कुंचला निवडताना

दिवाळी जवळ आली की इंदुरातील मराठी घरांच्या अंगणांत मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. दगडमातीचे बुरूज रचले जातात, चिखल लिंपलेल्या पोत्यावर हळीव पेरून हिरवळ केली जाते, आणि मग त्यावर मांडावयाची मातीची ‘चित्रे’ येतात : सिंहासनावरील महाराज, भालाईत मावळे, जात्यावर बसलेली बाई. पुष्कळ घरांत ही चित्रे कोरी आणून मुलांकडून रंगवून घेण्याची हौस अजून टिकून आहे.

अशाच एका दिवाळीपूर्वी आमच्या नातीने आमच्याच दुकानातून आणलेला कुंचला बोटांत फिरवीत विचारले, “आजोबा, हे केस कुणाचे?” रंग आणि कुंचले विकण्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले, त्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने आम्हांस जे विचारात पाडले, तेच आज सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कारागिरीचा विचार करू. मावळ्याचा डोळा तिळाएवढा. म्हणून ग्राहक तीन शून्यांचा, सर्वांत बारीक कुंचला मागतो आणि आपणही तो काढून देतो. येथेच चूक होते. अतिबारीक कुंचल्याच्या पोटात रंग इतका थोडा मावतो की, हात मूर्तीपर्यंत पोचेतो तो टोकावरच सुकू लागतो. डोळा रेखतो तो टोकाने, कुंचल्याच्या लहानपणाने नव्हे. पोट भरलेला व टोक सुईसारखे असलेला एक किंवा दोन क्रमांकाचा गोल कुंचला बहुधा अधिक उपयोगी पडतो. शिवाय एका कारखान्याचा क्रमांक दुसऱ्याच्या क्रमांकाशी जुळतोच असे नाही. म्हणून आकड्यावर न जाता पारख करावी. नव्या कुंचल्यास लावलेली खळ धुऊन काढावी, तो पाण्यात बुडवून मनगटाने एक झटका द्यावा. केस आपोआप एका टोकास आले तर घ्यावा. दोन फाटे फुटले तर परत ठेवावा. अंगरख्यासारख्या मोठ्या भागास एक चपटा कुंचला आणि बारीक कामास दोन गोल, एवढ्या सामग्रीवर मुलांचा सबंध किल्ला रंगून होतो.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. बाजारातील नावे फसवी आहेत. ‘कॅमल हेअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुंचल्यात उंटाचा केस नसतो. ते केस खारीचे, तट्टाचे किंवा बकऱ्याचे असतात. चित्रकारांत नावाजलेला ‘कोलिन्स्की सेबल’ हा सैबेरियातील मुंगूसवजा दिसणाऱ्या वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचा केस होय. आपल्याकडील लघुचित्रकार खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून कुंचले करीत आले. आणि अनेक वर्षे ‘नैसर्गिक केस’ या मोघम नावाखाली आपल्या पेढ्यांवर जो माल आला, त्यात मुंगसाचे केस पुष्कळ होते. हे केस जिवंत मुंगसाचे कातरून मिळत नाहीत. त्यासाठी मुंगूस मारले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण दिले आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तथापि २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घातले, तेव्हा चौपन्न हजारांहून अधिक कुंचले आणि शंभर किलोंहून अधिक कच्चे केस हाती लागले. यावरून मागणी किती होती ते दिसते. आणि मागणी करणारे आपण व्यापारीच आहोत.

कोणी म्हणेल, “आम्ही प्राणी मारीत नाही, आम्ही केवळ माल विकतो.” हे समाधान आपल्या शास्त्रास मान्य नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, करविलेले आणि संमती दिलेले, या तिन्हींचा दोष आपल्या आचार्यांनी सांगितला आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ आहे, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ करताना केवळ हस्तिदंत न धरता प्राण्यांचे केस, नखे, हाडे व चामडे यांचाही त्यात समावेश केला आहे. सापळा लावणारा गरीब माणूस तुरुंगात जातो आणि गादीवर बसलेला मागणीदार पर्युषणात क्षमा मागून मोकळा होतो, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप कलेचा. केसांच्या कुंचल्यावाचून बारीक काम होणार कसे? आपल्या शहरास हा प्रश्न परका नाही. इंदुराहून सुमारे शंभर किलोमीटरवरील मांडू येथे १४३९ साली कल्पसूत्राची जी सचित्र पोथी सिद्ध झाली, ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या शैलीतील चेहऱ्याच्या रेषेबाहेर झेपावणारा डोळा ज्याने पाहिला, त्यास बारीक टोकाचे मोल सांगावयास नको. पुढे १९२७ साली देवळालीकर मास्तरांनी येथे कलाशाळा सुरू केली आणि तिच्यातून बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार निघाले. तेव्हा कुंचल्याचा हा मान आम्ही जाणतो. परंतु पूर्वीच्या चित्रकारास पर्याय नव्हता, आपणांस आहे. नायलॉनचा पहिला व्यापारी उपयोग १९३८ साली झाला तो दात घासण्याच्या ब्रशातच. तोपर्यंत त्या ब्रशात डुकराचे राठ केस असत. आज कृत्रिम तंतूंचे बारीक कुंचले उत्तम टोकाचे मिळतात, आणि हल्लीच्या ॲक्रिलिक रंगांस तर ते अधिक मानवतात, कारण हे रंग नैसर्गिक केस लवकर बिघडवतात.

त्यांत उणीव नाही असे आम्ही म्हणणार नाही. कृत्रिम तंतू पाणी कमी धरतो आणि काही काळाने त्याचे टोक आकड्यासारखे वळते. म्हणून कुंचला पेल्यात टोकावर उभा ठेवू नये, पत्र्याच्या टोपीपर्यंत रंग चढू देऊ नये, कामानंतर गार पाण्याने व साबणाने धुऊन टोक बोटांनी जुळवावे. एवढे करूनही तो केसांच्या कुंचल्यापूर्वी झिजेल. दोन कुंचल्यांच्या जागी तीन घ्यावे लागतील, इतकाच काय तो तोटा.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगणे प्राप्त आहे. घाऊक व्यापाऱ्यास विचारले, तर “नैसर्गिक आहे” याहून अधिक उत्तर मिळाले नाही. जाणकारास दाखविले, तेव्हा त्या मालात मुंगसाचे केस निघाले. तो सर्व माल आम्ही वनखात्याच्या कार्यालयात जमा केला. नुकसान झाले, पण त्याहून लाज अधिक वाटली, कारण इतकी वर्षे आम्ही विचारलेच नव्हते.

सबब सभासदांस आमची नम्र सूचना अशी : कुंचल्यांच्या प्रत्येक खरेदीबिलावर केस किंवा तंतू कशाचा, हे लिहून घ्यावे, ज्याचे नाव लिहून मिळत नाही तो माल घेऊ नये, आणि गल्ल्याजवळ पाण्याचा एक पेला ठेवून ग्राहकास टोक पारखून घेऊ द्यावे. उत्तर प्रदेशातील शेरकोटसारख्या गावी कुंचले बांधणारे कुशल हात नायलॉनही तितक्याच सफाईने बांधतात. त्यांनी काय बांधावे, हे आपल्या मागणीच्या चिठ्ठीवर ठरते.

येत्या दिवाळीत आपल्या दुकानी एखादे मूल येईल आणि विचारील, “हे केस कुणाचे?” तेव्हा मान खाली न घालता, “कुणाचेही नाहीत, बाळ,” असे उत्तर आपणांपैकी प्रत्येकास देता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.