विश्लेषण : परदेशात नोंदणीसाठी परिचारिकांना ‘ब्रिज कोर्स’ लागतोच का?

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव रुग्णसेवेसाठी ओळखले जाते. इथे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करणाऱ्यांनाही जर्मनी, न्यूझीलंड खुणावते. पण महाराष्ट्रातली नोंदणी तिकडे आपोआप चालत नाही. मग आधी कोर्स करायचा की आधी अर्ज? इथे चुकले तर कर्जाचे पैसे अडकतात.

जर्मनीत काय होते?

ज्या राज्यात काम करायचे, तिथले मान्यता कार्यालय आपल्या अभ्यासक्रमाचे विषय आणि तास जर्मनीतल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून पाहते. उणीव आढळली तर तसे लेखी कळवते. मग उणीव भरून काढणारा अभ्यासक्रम करायचा, नाहीतर तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. भाषेची बी-2 पातळीही लागते. मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम, म्हणजे पगारही कमी.

कामाच्या अनुभवानेही काही उणिवा भरून निघतात. त्यामुळे ‘दोन वर्षे स्टाफ नर्स होत्या’ एवढ्या एका ओळीच्या प्रमाणपत्राचा फारसा उपयोग नाही. अतिदक्षता, बालरोग, शस्त्रक्रिया अशा कोणत्या विभागात किती महिने काढले, हे रुग्णालयाकडून लिहून घ्यावे. नोकरी सोडल्यावर ते मिळवताना किती हेलपाटे पडतात, हे सांगायला नको. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याने ही तपासणी टळत नाही.

न्यूझीलंड, ब्रिटनचे काय?

न्यूझीलंडमध्ये पूर्वी काही आठवड्यांचा क्षमता-मूल्यांकन कोर्स असे आणि त्याची फी हजारो डॉलरच्या घरात जाई. डिसेंबर 2023 पासून त्याऐवजी संगणकीय लेखी परीक्षा आणि क्राइस्टचर्चला प्रात्यक्षिक परीक्षा आली. ब्रिटनमध्येही संगणकीय चाचणी भारतात देता येते, प्रात्यक्षिक तिकडे. म्हणजे या दोन्ही देशांसाठी इथे कुणी ‘सक्तीचा ब्रिज कोर्स’ विकत असेल, तर तो परीक्षेचा क्लास आहे. क्लास लावण्यात गैर काही नाही, पण त्याने नोंदणी होत नाही. आणि नोंदणी म्हणजे नोकरीही नव्हे. न्यूझीलंडमध्ये नोंदणी होऊनही कामाविना राहिलेल्या भारतीय परिचारिकांच्या बातम्या 2024 मध्ये आल्याच होत्या.

मग पैसे कधी भरायचे?

आधी त्या देशाच्या परिचर्या परिषदेकडे किंवा मान्यता कार्यालयाकडे थेट अर्ज करावा. कोणता अभ्यासक्रम लागेल, हे त्यांचे पत्रच सांगते. एजंट केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, तेही पाहावे. नोंदणीकृत एजंटच्या सेवाशुल्काला 30 हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. ती कोर्सच्या फीला नाही. त्यामुळे मोठी रक्कम ‘कोर्स फी’ म्हणून मागितली जात असेल, तर पावतीवर काय लिहिले आहे ते नीट वाचावे.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी दहावीचे प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट यांतली नावे आधीच जुळवून घ्यावीत. अर्ज अडकायला एवढा फरकही पुरतो.