स्वभावावर फिर्याद

हार्ट अटॅक स्वभावामुळे येतो, असं एका विद्वान समुपदेशकांनी नुकतंच छापून आणलं आहे. घाई करणारा, सतत घड्याळ बघणारा, चढाओढीला हपापलेला तो 'ए टाइप'. त्याच्या रक्तवाहिन्या तुंबल्याच म्हणून समजा. निवांत तो 'बी टाइप'; तो शंभरी गाठणार. तेव्हा स्वभाव बदला. बदलून देणाऱ्या शिबिराची तारीख लेखाच्या तळाशी आहे, हे ओघानं आलंच.

हे शास्त्र सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांचं. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजतात, हे म्हणे गादीकाम करणाऱ्या कारागिराच्या आधी लक्षात आलं. रुग्ण टेकून बसतच नसत. १९५९ साली दोघांचा निबंध आला. मग कॅलिफोर्नियातल्या ३९ ते ५९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांवर साडेआठ वर्षं नजर ठेवली, तेव्हा 'ए' मंडळींत हृदयविकार सुमारे दुप्पट निघाला.

समुपदेशक इथे पुस्तक मिटतात. पुढची पानं त्यांच्या सोयीची नाहीत. १९८५ साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या पाहणीत हा संबंध सापडला नाही. १९८८ साली तर कॅलिफोर्नियातल्या त्याच पुरुषांचा पुढचा हिशेब आला: ज्यांना हृदयविकार जडला होता, त्यांच्यात पुढे 'ए' कमी दगावले, 'बी' जास्त! म्हणजे एक झटका येऊन गेला की रुग्णानं ताबडतोब घाईला लागावं. या विषयाचं शिबिर कधी?

बरं, टाइप ठरवायचा कसा? मुलाखतीत. सकाळी किती वाजता उठता, एवढा साधा प्रश्न मुलाखतकार मुद्दाम अडखळत, रेंगाळत विचारी. समोरच्यानं मध्येच तोंड घालून उत्तर दिलं की 'ए'कडे एक गुण. ठाण्याच्या फलाटावर हा प्रश्न विचारून पाहावा; तो पुरा होईपर्यंत उत्तर देणारा घाटकोपरला पोचलेला असेल. तो त्याचा स्वभाव की रेल्वेचं वेळापत्रक?

आणि या कल्पनेला खतपाणी कोणी घातलं? सिगारेट कंपन्यांनी. खटल्यांमुळे त्यांची दप्तरं उघडी पडली. फिलिप मॉरिसनं फ्रीडमन यांच्या संशोधनाला वर्षानुवर्षं पैसे पुरवल्याचं २०१२ साली अभ्यासकांनी त्यातूनच दाखवून दिलं. हेतू उघड होता: दोष स्वभावाचा ठरला की सिगारेट सुटली. माणूस तापट, म्हणून ओढतो आणि तापट, म्हणूनच मरतो. बिचारी कंपनी मध्ये कुठेच नाही. आमचे समुपदेशक हा युक्तिवाद फुकटात करतात, एवढाच फरक.

'त'च्या शेपटीवरून स्वभाव सांगणाऱ्या हस्ताक्षरपंडितांशी मी पूर्वी असाच भांडलो होतो. त्यांनी माझी चिडकी अक्षरं पुरावा म्हणून दाखवली. अशा लोकांशी वाद घातला की वाद घालणं हेच लक्षण ठरतं.

मग स्वभावाचा हृदयाशी काहीच संबंध नाही? आहे, थोडा. घाईचा नव्हे, मनात धुमसणाऱ्या वैरभावाचा. त्याचा पुरावा जरा बरा आहे, पण तोही तोकडाच. ५२ देशांतल्या रुग्णांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या पंगतीला मानसिक ताणही बसला आहे. पण ताण म्हणजे स्वभाव नव्हे.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतला 'व्हाइटहॉल' अभ्यास पाहा. महत्त्वाकांक्षा मारत असती, तर आधी वरचे साहेब गेले असते. हृदयविकारानं गेले ते तळातले शिपाई, साहेबांच्या तिपटीहून अधिक. ते सिगारेटी जास्त ओढत, हे खरं. पण तेवढ्यानं हिशेब जुळेना. पुढच्या अभ्यासात एक मोठं कारण दिसलं ते असं की कामावर यांचा स्वतःचा ताबाच नाही: काय करायचं, कधी, किती, सगळं दुसऱ्यानं ठरवायचं. त्या शिपायाला 'टेन्शन घेऊ नका' सांगायला कोणीही तयार असतो. त्याच्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन पाळ्या बदला म्हणायला मात्र एकही समुपदेशक जात नाही.