कार्बाइडच्या नळीला कायदा हवा

वाचकहो, उभ्या पिकात माकडे आणि रानडुकरे शिरली की जिवाची काय तगमग होते, ते तुम्हाला निराळे सांगायला नको. गोफण झाली, बुजगावणे झाले, डबे बडवून झाले. मग कोणीतरी प्लास्टिकच्या पाइपची ‘कार्बाइड गन’ आणून देतो. दीड-दोनशे रुपयांत काम, आणि आवाज असा की माकडांची टोळी शिवार सोडून पळते. ती आणली म्हणून शेतकऱ्याला नावे ठेवायची नाहीत. पण संध्याकाळी ती नळी कोठे ठेवली जाते? ओसरीवर, पोरांच्या हाताशी.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात हीच नळी फटाका म्हणून विकली गेली. भोपाळ, विदिशा या भागांत शंभराहून अधिक जण डोळ्यांना इजा होऊन दवाखान्यात आले. त्यांत बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. घडते ते असे. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि लायटरच्या ठिणगीने पेटतो. कधी बार उडत नाही. मग पोरगे नळीच्या तोंडाला डोळा लावून आत बघते, आणि नेमका तेव्हाच बार उडतो. शिवाय कार्बाइडचा मागे चुना होतो. तो बुबुळ जाळतो.

तिकडे बंदीचे आदेश निघाले. पण जिल्हाधिकाऱ्यांचा कलम १६३ खालचा असा आदेश दोन महिने चालतो. राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिने. म्हणजे पुढची दिवाळी येण्याआधीच तो संपलेला!

कार्बाइड साठवण्याचे १९८७ चे नियम केंद्राचे आहेत. कार्बाइडने फळे पिकवण्यावरही बंदी आहे. तरी नळीपुरता खडा मिळतोच. स्फोटके हा केंद्राचा विषय, असे म्हणून आमदार हात झटकतील. त्यांना सांगा, शेती आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडेच आहे, आणि केंद्राकडे ठराव पाठवायला कोणी अडवलेले नाही. अशी नळी विकणे कायमचा गुन्हा ठरावा. कार्बाइड घेणाऱ्याचे नाव-गाव दुकानदाराने वहीत लिहावे. आणि त्याच कायद्याबरोबर कुंपणाला मदत मिळावी, पिकाच्या नुकसानीचे पैसे वेळेवर यावेत. नळी काढून घ्यायची आणि माकडे आमच्या गळ्यात ठेवायची, हे चालणार नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची नक्कल आमदारांना पाठवा. बायांनी पुढे व्हावे, कारण दवाखान्यात रात्र काढायची वेळ त्यांच्यावरच येते.

तोवर घरात नळी असेल तर ती मोडून टाका आणि कार्बाइडचा डबा कुलपात ठेवा. कण डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू देऊ नका. भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धूत राहा. तूप, दूध, काजळ काहीही घालू नका, आणि पोराला थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.