सहाजणींची जिप्सी

‘जंगल बघायचं तर आपली वेगळी गाडी हवी,’ असं आमच्या ह्यांचं मत. पण त्यांना रजा मिळेना, आणि माझं ताडोबा दरवर्षी पुढं ढकललं जाई. अखेर यंदा शाळेतल्या पाचजणींबरोबर मी निघाले.

ताडोब्याच्या जिप्सीत चालक आणि गाईड सोडून सहाजण बसतात. भाडं सबंध गाडीचं असतं. दोघांनी गेलं काय नि सहाजणींनी गेलं काय, रक्कम तीच! माझा वाटा मी शिकवणीच्या पैशांतून दिला.

मात्र निघण्यापूर्वीच ठरवून घ्या: पुढची जागा आळीपाळीनं, जंगलात गप्पा बंद, आणि पाणवठ्यावर किती थांबायचं ते गाईड सांगेल. आम्ही हे ठरवलं नव्हतं. एकीला कंटाळा आला म्हणून गाडी हलवली, अन् मागच्या गाडीला तिथंच वाघीण दिसली! संध्याकाळभर अबोला.

मंगळवारी जंगलाचा गाभा भाग बंद असतो. मूळ ओळखपत्र विसरू नका. कपडे मातकट रंगाचे घ्या.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘काय, दिसला का वाघ?’

म्हटलं, ‘नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत आम्ही!’